कुऱ्हाडबहाद्दर

कल्पित जगाचा कुठलाही नकाशा उघडा. चित्रकारानं जिथे डोंगर काढलेत, तिथे हा गृहस्थ राहतो. अंगावर कातडं, डोक्यावर जटा, हातात कुऱ्हाड आणि तोंडात धमकी. त्याला राजा नाही, करही नाही. आहे ती एकच जुनी तक्रार : खालचं खोरं मूळचं आमचं!

ही तक्रार तो पिढ्यानपिढ्या जपतो. टोल्किनच्या ‘द टू टॉवर्स’मधले (१९५४) डनलंडचे डोंगरी लोक रोहनवर चालून जातात, ते पाच शतकांपूर्वी हातची गेलेली जमीन मनात धरून. जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’मधले (१९९६) चंद्रपर्वतातले टोळीवाले तर त्यांच्याही वरताण. अँडल लोकांनी त्यांच्या पूर्वजांना ॲरिनच्या खोऱ्यातून हुसकलं, त्याला हजारो वर्षं लोटली. पण हे असे तावातावानं बोलतात, की सातबारा कालच दुसऱ्याच्या नावावर चढला असावा.

एवढा सामाईक शत्रू समोर असताना हे एक होतील, असं वाटत असेल तर तुम्ही सपाटीवरचे. दगडी कावळे, चंद्रबंधू, काळे कान, रंगीत कुत्रे, दूधसाप, भाजलेले... टोळ्यांची नावं संपता संपत नाहीत आणि एकमेकांतली वैरंही. काळ्या कानांत चेइकची मुलगी चेला हरवलेल्या शत्रूंच्या वाळक्या कानांची माळ गळ्यात घालून हिंडते. आणि भाजलेल्यांना तर बाकीच्या टोळ्याही वचकून असतात. त्यांच्यात वयात येताना आपला एखादा अवयव जाळून दाखवायचा असतो. व्यवहारी पोरं बोटावर भागवतात. टिमेटचा मुलगा टिमेट यानं डोळाच जाळला. ते पाहून वडीलधारे इतके हबकले, की त्यांनी त्याला तिथल्या तिथे ‘लाल हात’, म्हणजे युद्धप्रमुख केलं. बढतीसाठी माणसं वरिष्ठांच्या डोळ्यांत भरायला बघतात. या पठ्ठ्यानं स्वतःचाच घालवला.

नुसतं नाव सांगणं कुऱ्हाडबहाद्दराच्या शिस्तीत बसत नाही. “मी डॉल्फचा मुलगा शॅगा!” अशी आधी वडिलांसकट ललकारी, मग मुद्दा. मुद्दा बहुधा एकच असतो : तुझं पौरुष कापून बोकडांना खायला घालीन. शॅगा ही धमकी इतक्यांना आणि इतक्या वेळा देतो, की त्या बोकडांच्या पचनाची काळजी वाटू लागते.

मात्र या कुऱ्हाडबहाद्दरांची खरी मर्दुमकी बघायची तर रणांगणावर नव्हे, पंचायतीत. इथे प्रत्येकाचं ऐकून घेतलंच पाहिजे, असा दंडक. बायकांचंसुद्धा! सपाटीवरच्या सरदारांना हा शुद्ध अडाणीपणा वाटतो. समजा, पहाटे छापा घालायचाय. एक म्हणतो, डाव्या घळीतून जाऊ. दुसरा म्हणतो, डाव्या घळीत माझा आजा मेला. तिसरा छाती पुढे काढून सांगतो, त्याला माझ्याच आज्यानं मारला. छापा राहतो बाजूला आणि आज्यांचा हिशेब निघतो. तो मिटेपर्यंत उन्हं वर येतात आणि ज्याला लुटायचं तो तांडा घाट उतरून गेलेला असतो. शेकडो वर्षांत या मंडळींच्या हातून किरकोळ लुटालुटीपलीकडे काही झालं नाही, ते असं.

अशा माणसाला कामाला लावायचं तर सपाटीवरचा एखादा गोडबोल्या लागतो. डनलंडवाल्यांना मांत्रिक सारुमान भेटला, चंद्रपर्वतवाल्यांना टिरियन लॅनिस्टर. रात्रीच्या अंधारात टोळीनं घेरून, कसा मरणार, असं विचारल्यावर हा बुटका म्हणाला, ऐंशीव्या वर्षी, स्वतःच्या बिछान्यात, पोटभर दारू पिऊन. शॅगा खदखदून हसला. हसला तो फसला! टिरियननं हत्यारं कबूल केली आणि वर अख्खं खोरं देऊ केलं. खोरं टिरियनच्या मालकीचं नव्हतं, हा तपशील कुणाला खटकला नाही.

मग टिरियनबरोबर ग्रीन फोर्कची लढाई. टिरियनचा बाप टायविन याचा डाव असा, की डाव्या बगलेला बेशिस्त माणसं घालायची. ती पळतील, शत्रू त्यांच्या मागे धावेल आणि सापळ्यात सापडेल. डोंगरवाल्यांची नेमणूक पळण्यासाठी झाली होती. पण हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. ते लढले, काही मेले, बाकीचे टिकले आणि टायविनचा डाव फुकट गेला. मार्टिनच्या कादंबरीवरून आलेल्या २०११च्या मालिकेनं ही लढाई दाखवलीच नाही. तिथे टिरियन आपल्याच टोळीवाल्यांच्या मुसंडीत आडवा होतो आणि डोळे उघडतो तेव्हा सगळं आटोपलेलं असतं.

पुढे टिरियन राजधानीत कारभारी झाला, तेव्हा हे त्याचे शरीररक्षक. दरबारातल्या म्हाताऱ्या पायसेलला धमकावताना टिरियननं शॅगाचाच पेटंट हुकूम सोडला. शॅगा खरोखर अडचणीत आला. इथे बोकड नाहीत, म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी अंमलबजावणीचा विषय काढला होता! अखेर पायसेलची दाढी कुऱ्हाडीनं उतरवण्यावर निभावलं.

खोरं काही मिळालं नाही. देणारा टिरियन स्वतःच पुढे खुनाच्या आरोपात अडकून परागंदा झाला. पण टिमेट, चेला वगैरे मंडळी परतली ती चांगल्या पोलादानिशी, आणि खोऱ्यातले सरदार आता खरेच धास्तावलेत. खोरं जिंकायला हत्यार आहे, हिंमत आहे, हजारो वर्षांचा दावा आहे. फक्त निघण्याआधी सगळ्यांचं बोलून व्हायला हवं.