सीआरपी थोडा वाढलाय

आजारी असणं वेगळं आणि आपण आजारी आहोत हे घरच्यांना पटणं वेगळं. पहिल्याला जंतू पुरतात, दुसऱ्याला पुरावा लागतो. ‘अंग मोडून आलंय’ म्हणावं, तर ‘रात्री पंख्याखाली झोपलं की होणारच’ असा निकाल लागतो. ‘कणकण वाटतेय’ म्हणावं, तर आल्याचा चहा मिळतो खरा, पण कपाच्या मागोमाग दळणाचा डबाही पुढे येतो. थर्मामीटर लावावा, तर काखेतल्या तापात एक अंश मिळवायचा की नाही यावर चर्चा सुरू होते आणि ती संपेपर्यंत ताप उतरलेला असतो.

हल्ली मात्र दुखणेकऱ्यांना बरे दिवस आले आहेत. सकाळी घरी येऊन रक्त नेतात, संध्याकाळपर्यंत मोबाइलवर रिपोर्ट येतो आणि मर्यादेबाहेर गेलेला आकडा त्यात ठळक अक्षरांत छापलेला असतो. माणसाच्या कण्हण्याला जी किंमत नाही, ती या ठळक अक्षराला आहे. ‘सीआरपी थोडा वाढलाय’ एवढं म्हटलं की दळणाचा डबा आपोआप जागेवर जातो आणि मऊ भात, मेतकूट, वर तुपाची धार असा सरंजाम सुरू होतो.

आमच्याकडे हा पुरावा गोळा करायचं काम हैदराबादला राहणाऱ्या मुलीकडे आहे. फोनवर माझा आवाज जरा बसका लागला की ‘बाबा, अंगावर काढू नका’ असं बजावून ती तिथूनच टेस्ट बुक करते. सकाळी सात वाजता पाठीला सॅक लावलेला मुलगा दारात उभा. दंडाला रबरी पट्टा, ‘काका, मूठ आवळा’, ‘जरासं टोचेल हं’, मग एक जांभळ्या झाकणाची बाटली, एक पिवळ्या झाकणाची. कापूस लावून वर चिकटपट्टी. ‘चोळू नका, नुसतं दाबून धरा.’ या चाचणीला उपाशी राहावं लागत नाही, चहा घेतला तरी चालतो, हे तो दर वेळी सांगतो. पण रक्त द्यायचं आणि तेही खाऊनपिऊन, हे आमच्या हिच्या मनाला पटत नाही. त्यामुळे सीआरपी आमच्या घरी चतुर्थीसारखा कडक पाळला जातो.

हा सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. न्यूमोनियाच्या जंतूच्या पेशीभित्तिकेत एक शर्करायुक्त पदार्थ असतो, त्याला ‘सी’ म्हणत. हे प्रथिन त्याला जाऊन चिकटायचं, म्हणून हे नाव. आधी वाटलं, ही न्यूमोनियाचीच खूण. पुढे लक्षात आलं की शरीरात कुठेही दाह सुरू झाला की यकृत हे प्रथिन भराभर तयार करतं. मग कारण जंतू असो, सुजलेला सांधा असो, नुकतंच झालेलं ऑपरेशन असो, नाहीतर किडलेल्या दाढेखालचा पू असो.

त्याच्या जोडीला ईएसआर असतो. तो वयाने मोठा. १८९७ मध्ये पोलंडच्या बिएरनात्स्कींनी आणि १९१८ मध्ये स्वीडनच्या फोरेयसनी तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग मोजण्याजोगा आहे हे दाखवलं. फोरेयस खरं तर गरोदरपणाची चाचणी शोधत होते. पद्धत अगदी साधी: उभ्या बारीक नळीत रक्त भरायचं, तासभर हात लावायचा नाही आणि पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघायचं. अंगात दाह असला की रक्तातली काही प्रथिनं वाढतात, तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या चळती होतात आणि त्या लवकर तळाला जातात.

दोघांचे स्वभाव आमच्या घराण्यातल्या दोन माणसांसारखे आहेत. सीआरपी म्हणजे आत्या. चटकन भडकते, दोन दिवसांत शिगेला पोहोचते आणि कारण दूर झालं की एका दिवसात निम्मी निवते. ईएसआर म्हणजे थोरले काका. उशिरा चिडतात आणि एकदा चिडले की भांडण मिटून आठवडे लोटले तरी धुसफूस चालूच. वयाबरोबर त्यांचा पारा थोडा वर राहणार, हे डॉक्टरांनाही मान्य आहे. ढोबळ हिशेब असा की पुरुषाच्या वयाच्या निम्म्यापर्यंतचा ईएसआर चालवून घ्यावा. बायकांच्या बाबतीत वयात दहा मिळवून निम्मे करावेत. म्हातारपणाला विज्ञानाने दिलेली इतकी उघड सवलत मला दुसरीकडे आढळलेली नाही.

रिपोर्ट येतो तो मात्र माझ्याकडे नव्हे, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. माझ्या रक्ताची बातमी मला सर्वांत शेवटी कळते. तोवर नाशिकच्या मेव्हण्यांनी कळवलेलं असतं, ‘आठ? बाप रे! माझा तर ०.८ होता.’ माझ्या लॅबने मिलिग्रॅम प्रति लिटर छापलेलं असतं, त्यांच्या लॅबने प्रति डेसिलिटर. म्हणजे रक्तातलं प्रमाण दोघांचं सारखंच, दशांशचिन्हाने तेवढं त्यांना निरोगी ठरवलं. हे कोण वाचतो? कोविडच्या काळात आपण सगळे सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन हे शब्द कोथिंबिरीच्या जुडीच्या भावासारखे बोलायला शिकलो. त्यापुढची एककं शिकायची राहूनच गेली.

घरी चाचणी करायची सवयही त्याच काळातली. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या कोविड किटला मान्यता मिळाली आणि नाकात कापसाची काडी फिरवून ‘सी’ आणि ‘टी’च्या रेघा न्याहाळत बसणं घरोघर सुरू झालं. आता बोट टोचून सीआरपी बघायचीही किटं मिळतात. रक्ताचा थेंब टाकायचा, द्रावण टाकायचं, काही मिनिटं थांबायचं. मग पुसट रेघेला रेघ म्हणायचं का, यावर घरात दोन तट पडतात. एक खिडकीशी जाऊन पाहतो, दुसरा चष्मा पुसून.

तसं पाहिलं तर घरगुती चाचणीची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे. आम्ही लहानपणी मलूल झालो की आजी मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या अंगावरून उतरवून चुलीत टाकायची. ठसका लागला नाही तर दृष्ट लागली होती. लागला तर नुसता ताप. निकाल दोन मिनिटांत, आणि किट डब्यातच. शिवाय या चाचणीची एक खुबी अशी की दृष्ट कोणाची, हेही आजी नावानिशी सांगायची. सीआरपीला ते जमत नाही. आत काहीतरी पेटलंय, एवढंच तो सांगतो. कुठे आणि कशाने, ते सांगत नाही. घसा, दाढ, गुडघा, फुप्फुस, सगळ्यांसाठी एकच आकडा. आकडा फार मोठा असला तर जिवाणूंचा संशय बळावतो, विषाणूंच्या तापात तो बरेचदा कमी राहतो. पण ‘बरेचदा’ या शब्दावर कोणी पैज लावू नये.

तरीही योग्य हातात तो कामाचा असतो. खोकल्याचा रुग्ण समोर असला आणि न्यूमोनिया आहे की नाही याचा उलगडा होत नसला, तर ब्रिटनमधल्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सांगत: सीआरपी लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर सहसा अँटिबायोटिक नको, १०० च्या वर असेल तर द्या, मधे असेल तर चिठ्ठी लिहून ठेवा, पण लक्षणं वाढली तरच औषध आणायला सांगा. हा मधला मार्ग आपल्याकडे रुजायला वेळ लागेल. आपण चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून तीन दिवसांच्या गोळ्या आणणारी माणसं. खिशात चिठ्ठी असताना वाट कोण बघणार?

खरी पंचाईत होते ती रिपोर्ट नॉर्मल आल्यावर. सुटकेचा नि:श्वास सोडावा, तर मनातून जरासा अपमान वाटतो. सांधे ठणकताहेत, उठवत नाही, आणि कागद म्हणतो की काही नाही. सगळे म्हणतात, ‘बघा, मनाचे खेळ!’ वास्तविक ल्युपससारख्या दुखण्यात ईएसआर वाढलेला असूनही सीआरपी शहाण्यासारखा मर्यादेत राहू शकतो. नॉर्मल आकड्याचा अर्थ ‘या प्रथिनाला काही जाणवलं नाही’ इतकाच. पण एवढं लांबलचक वाक्य कुटुंबाच्या ग्रुपवर कोण वाचणार? तिथे अंगठा दाखवून विषय संपतो.

आमचे डॉक्टर जुन्या वळणाचे. रिपोर्ट पुढे केला की तो टेबलावर पालथा घालतात आणि आधी जीभ दाखवायला सांगतात. कधीपासून, थंडी वाजते का, लघवीला जळजळ आहे का, असे प्रश्न झाले की मग कागद सुलटा होतो. ‘दम लागत असेल, गुंगी येत असेल, मान ताठली असेल, तर घरी बोटं टोचत बसू नका, सरळ दवाखान्यात या,’ हे त्यांचं नेहमीचं. मी त्यांना एकदा विचारलं, ‘एरवी ही टेस्ट करावी की करू नये?’ ते म्हणाले, ‘रिपोर्ट बघून तुम्ही वेगळं काय करणार, ते आधी ठरवा. काहीच वेगळं करणार नसाल, तर रक्त तुमच्याकडेच असू द्या.’

मला हे इतकं पटलं की मुलीचा पुढचा फोन आल्यावर मी तोच प्रश्न तिच्यापुढे टाकला. ‘रिपोर्ट बघून तू वेगळं काय करणार आहेस?’

‘मला झोप लागेल, बाबा,’ ती म्हणाली.

वैद्यकाच्या कुठल्याही सूचनांमध्ये हे कारण छापलेलं नसावं, पण त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी बाही वर करतो. चहा मात्र आधी घेतो.