रॉयल्टीपासून सुटका कशी करून घ्यावी?

स्वतंत्र कलावंताच्या खात्यात रॉयल्टी जमा होणे काही बरे दिसत नाही. साधना करायची की हिशेब लिहीत बसायचे? सुदैवाने रॉयल्टी टाळता येते. मेहनत मात्र घ्यावी लागते, कारण कायदा हट्टाने तुमच्या बाजूने उभा आहे.

तयारी गाणे बसवतानाच सुरू करावी. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, गळा तिसरीचा आणि स्टुडिओचे बिल चौथ्याच्या काकांनी भरलेले. कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात, गायिकेचा त्याहून निराळा. तेव्हा कुणाचा वाटा किती, हे चुकूनही कागदावर येऊ देऊ नये. कुणी विषय काढलाच तर "आपल्यात कसला आलाय कागद!" म्हणून चहा मागवावा.

मग म्युझिक कंपनीचा करार येतो. तो सहीच्या पानापासून वाचावा आणि तिथेच थांबावे. मागच्या पानांवर हक्क कायमचे आणि सगळ्या जगासाठी दिल्याचे लिहिलेले असू शकते. हे लिहायला कंपनी सहसा विसरत नाही, कारण मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण 5 वर्षांचे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते धरले जाते. तोंडी हस्तांतरण तर चालतच नाही. लेखी हवे, खाली सही हवी. म्हणून सही करायचीच.

आता खरी अडचण. कॉपीराइट कायद्यातल्या 2012च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराने रॉयल्टीतला आपला समान वाटा 'सोडला' असे लिहून दिले तरी ते रद्दबातल ठरते. जावेद अख्तर यांच्यासारख्यांनी त्यासाठी राज्यसभेत भांडून ठेवले आहे. आपल्याला न विचारता. पण वाटा कायद्याने शाबूत असला तरी तो घरपोच येत नाही, हे आपले नशीब. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था 1969पासून आहे; तिचे सभासद होऊ नये. झालातच, तर गाण्यांची नोंद करू नये. गायकांसाठी इसाम्रा (पूर्वीची इस्रा) ही तशीच संस्था आहे, तिच्याही वाटेला जाऊ नये. गाणे ऑनलाइन चढवताना गीतकाराचे नाव विचारतात, तिथे बँडचे नाव टाकून पुढे जावे.

एवढे करूनही समाधान न झाल्यास तुकोबांचा अभंग गिटारवर घ्यावा. शब्दांवर कुणाचा हक्क उरलेला नाही. चाल श्रीनिवास खळ्यांची उचलावी आणि खाली 'पारंपरिक' लिहावे. खळे 2011 साली गेले आणि संगीतकाराचा हक्क निधनानंतर 60 वर्षे टिकतो, म्हणजे हे प्रकरण 2071च्या अखेरपर्यंत चालेल. इथे रॉयल्टी घ्यायची नसून द्यायची असते, ही त्यातली सोय. स्वतःची चाल लावणे हाही एक मार्ग आहे. पण मग ती चाल तुमची ठरते आणि रॉयल्टीचा ससेमिरा पुन्हा मागे लागतो.