खोट्या तळाची नोंद

युरोपीय संघानं अखेर रिकाम्या जागेला हात घातला. वेष्टनांच्या नव्या कायद्यानुसार ऑनलाइन मालाचं किंवा वाहतुकीचं खोकं निम्म्याहून जास्त रिकामं असता कामा नये. रिकामं कशाला म्हणायचं, यावर डोकं चालवायची गरज नाही, कायद्यानंच सांगून ठेवलंय. बबल शीट ही रिकामी जागा. कागदाचे कपटे, फोम, थर्मोकोल, लाकडाचा कीस, हवेच्या उशा, सगळी रिकामी जागा. खोकं तुम्ही गुडघा देऊन ठासून भरलंत, तरी कायद्याला ते रिकामंच दिसणार.

मला हे मनापासून आवडलं. २०२२ साली तिथं माणशी सुमारे १८६ किलो वेष्टनांचा कचरा निघाला. एका लिपस्टिकसाठी बुटाच्या मापाचं खोकं धाडणाऱ्यांना वेसण हवीच होती. मुदत १ जानेवारी २०३० ची. मोजायचं कसं, ते फेब्रुवारी २०२८ पर्यंत ठरायचंय, आणि ते ठरल्यापासून तीन वर्षं किंवा २०३०, यांतलं जे उशिरा येईल ते खरं. म्हणजे २०३० हे सालही तूर्त अर्धं रिकामंच आहे.

हिशेबाची रीतही बघण्यासारखी आहे. मोठ्या खोक्याच्या एकूण मापातून विक्रीच्या छोट्या डब्यांचं माप वजा करायचं, उरली ती रिकामी जागा. छोट्या डब्यात काय आहे, हे मोठं खोकं विचारत नाही. त्यामुळे डब्याबाहेरची बबल शीट म्हणजे हवा, आणि डब्यातली हवा म्हणजे माल. छोट्या डब्यालाही नियम आहे, पण त्याला टक्केवारी नाही. वेष्टन कमीत कमी असावं, एवढंच त्याला सांगितलंय. कमीत कमी म्हणजे किती, हे डबा बनवणाऱ्यानं कागदोपत्री पटवून द्यायचं.

पण माझा जीव अडकलाय तो खोट्या तळात. माल आहे त्याहून जास्त भासावा, एवढ्यासाठीच केलेली दुहेरी भिंत, खोटा तळ, नसते थर, हे सगळं २०३० पासून बंद. वाचून मी टाळीसाठी हात वर केला आणि पुढची ओळ वाचून तसाच धरून ठेवला. त्या डिझाइनला किंवा आकाराच्या ट्रेडमार्कला ११ फेब्रुवारी २०२५ च्या आधीपासून कायद्याचं संरक्षण असेल आणि तळ काढल्यानं त्याचं वेगळेपण बिघडत असेल, तर तळ राहू द्यावा. आपल्याकडे अतिक्रमणं नियमित करताना अमुक तारखेपूर्वीचं ते कायम आणि नंतरचं ते बेकायदा ठरतं, अगदी तसंच. दहा तारखेला नोंद झालेला खोटा तळ ही कलाकृती, बारा तारखेचा खोटा तळ ही फसवणूक. अत्तराची बाटली घ्या. ग्राहकाच्या हाती अत्तर तेवढंच पडणार आणि बोटाला जाडजूड काच तेवढीच लागणार. फरक पडतो तो वकिलाच्या फायलीत. बरं, तळ नोंदवून कोण ठेवतं? कोपऱ्यावरचा साबणवाला? घरी मेणबत्त्या ओतून विकणारी बाई? त्यांना खोटा तळ परवडतच नाही. त्यांच्या डब्याचा तळ खराच असतो, त्यामुळे त्यांना सवलत नाही. खोटेपणा ज्यांनी वेळेवर, शुल्क भरून, शिक्का मारून केला, त्यांचा तो हक्क झाला. त्या बाटलीला वेगळेपण आहे म्हणे! असणारच. अर्धी काच आणि अर्धं अत्तर असल्यावर वेगळेपण यायचं कसं राहील?

आता दुसरीकडे नाशिकचं द्राक्ष बघा. द्राक्षाला वेगळेपण नाही, त्याला फक्त अडचणी आहेत. अर्ध्या किलोच्या प्लॅस्टिकच्या पनेटमध्ये, म्हणजे डबीत, बसून, खाली बबल शीट आणि वर बुरशी रोखणारा ग्रेप गार्डचा कागद घेऊन ते जवळपास महिनाभराचा समुद्र ओलांडून रॉटरडॅमला उतरतं. नवा कायदा म्हणतो की दीड किलोच्या आतल्या ताज्या फळांना एकदाच वापरायचं प्लॅस्टिक २०३० पासून नाही. सवलत आहे, पण गरज सिद्ध झाली तर. पाणी कमी होतं, बुरशी येते, धक्क्यानं मणी फुटतात, हे दाखवून द्यावं लागेल. म्हणजे द्राक्ष नाजूक असतं, हे आता द्राक्षानं सिद्ध करायचं. काय दाखवलं म्हणजे पुरेसं, याची मार्गदर्शिका फेब्रुवारी २०२७ पर्यंत यायचीय, आणि सूट द्यायची की नाही हे जो तो देश आपापलं ठरवणार. खोट्या तळाला मात्र आपली गरज सिद्ध करावी लागत नाही. आपण ग्राहकाच्या कोणत्या भल्यासाठी खोटे आहोत, असं त्याला कुणी विचारत नाही. त्याची जन्मतारीख आणि वेगळेपण बघतात आणि सलाम ठोकतात. आणि इथं निफाड-दिंडोरीकडचा माणूस, ज्यानं अवकाळी सोसली, मजुरीचे वाढलेले दर दिले, फवारणीची वही ठेवली, रेसिड्यूचे अहवाल काढले, त्याचा पॅकहाउसवाला आता पनेटचा जन्मदाखला शोधत हिंडणार. प्लॅस्टिक कुठलं, त्यात पुनर्वापराचं किती, कागदपत्रं कुठं. कारण १२ ऑगस्ट २०२६ ही कायदा लागू व्हायची तारीख, आणि तिथला आयातदार स्वतःची मान सोडवायला पहिली मेल इकडेच टाकणार. एकदाच वापरायच्या वेष्टनाचे कागद पाच वर्षं जपायचे आहेत. द्राक्ष शीतगृहातही काही आठवडेच टिकतं, पण त्याच्या डबीचा दाखला त्या बागेच्या पुढच्या दहा छाटण्या बघणार आहे.

प्लॅस्टिक कमी व्हायला हवं, यावर वाद नाही. पुठ्ठ्याची पनेट येईल, लोक शिकतील, पॅकहाउसवाले तर मशीन येण्याआधीच शिकतात. दर मात्र किलोचाच मिळेल. पुठ्ठ्याचा, दाखल्याचा, सल्लागाराचा खर्च त्या किलोत कुठं बसवायचा, हे कायदा सांगत नाही. तो फक्त खोक्यातली जागा मोजतो, बिलातली नाही.

खोट्या तळाच्या सवलतीत आणखी एक दार आहे. युरोपच्या कायद्यानं भौगोलिक मानांकन राखलेला माल असेल, तर त्याच्या वेष्टनालाही अभय. नाशिकच्या द्राक्षाला मानांकन आहे, पण ते भारतातलं. ते तिकडच्या दप्तरी चढवायचं म्हटलं तर अर्ज, पुरावे, हरकती आणि काही वर्षं. समजा चढलंही, तरी आपल्या लोकांना त्याचा उपयोग शून्य. अभय खोट्या तळाला आहे आणि आपल्या पनेटला खोटा तळच नाही. तो घालायला हवा होता, रीतसर नोंदवून, ११ फेब्रुवारी २०२५ च्या आत. तेव्हा आमची मंडळी तोडलेल्या घडातून खराब मणी काढत बसली होती.