एक पाटा वाढवा

पालममध्ये ट्रॉलीची क्षमता किती, असं कुणी विचारत नाही. "किती बसतंय?" असं विचारतात. या दोन प्रश्नांच्या उत्तरांत सहज तीन-चार टनांचा फरक पडतो. पहिल्याचं उत्तर एमएच २२ च्या नंबराखाली परभणीच्या परिवहन कार्यालयातल्या कागदावर असतं. दुसऱ्याचं उत्तर ट्रॉली शिगोशीग भरून, ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडल्यावर मिळतं. आणि पुढची चाकं जमिनीवर राहिली, तर ते उत्तर "अजून बसतंय" असं असतं.

तालुक्यात ट्रॉली बारमाही राबते. जूनमध्ये खताची पोती, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन, दिवाळीनंतर कापूस, मग ऊस, मग कायद्याला अजिबात मान्य नसलेलं लग्नाचं वऱ्हाड आणि एप्रिल-मेमध्ये पाण्याची टाकी. हौदा तोच, वजनं मात्र भलतीच. कापूस भरताना ट्रॉलीला जाळ्या लावून मजला चढवतात, दोन माणसं वर नाचून तो तुडवतात, तरी काटा फारसा हलत नाही. पाण्याची पाच हजार लिटरची टाकी दिसायला आटोपशीर, पण टाकीचा पत्रा सोडून नुसतं पाणीच पाच टन. वाळूचं नाव या भागात जरा हळू आवाजात घेतात, पण हिशोबापुरतं घ्यायला हरकत नाही: दहा फूट लांब, सहा फूट रुंद हौद्यात वीस इंच उंचीपर्यंत वाळू भरली की शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास होते आणि तिचं वजन साडेचार टनांच्या घरात जातं. हौदा तर अजून अर्धा रिकामा दिसतो. रिकामा हौदा बघून ज्याच्या जिवाची घालमेल होत नाही तो ट्रॉलीमालकच नव्हे.

अशा मालकाला आपण अण्णा म्हणू. असे अण्णा गावोगाव आहेत; कुठं त्यांना बापू म्हणतात, कुठं दादा. अण्णांची ट्रॉली दोन चाकी, तीन टनांची, कागदावर शेतीच्या कामासाठी. गोदाकाठच्या गावांत, डिग्रस बंधाऱ्याच्या पाण्यामुळं ऊस वाढला. गंगाखेड तालुक्यात माखणीला कारखाना. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. तेव्हा अण्णांनी एका सकाळी ट्रॉली फॅब्रिकेशनच्या दुकानासमोर नेऊन उभी केली आणि या धंद्यातलं सगळ्यात महाग पडणारं वाक्य उच्चारलं.

"जास्त काही नाही. एक पाटा वाढवा."

मिस्त्री असं वाक्य ऐकून कधीच हसत नाही. तो आधी ट्रॉलीखाली जातो. तिथून त्याचे फक्त पाय दिसतात आणि आवाज येतो. पाटा वाढवायला त्याची ना नसते, पण त्याचं म्हणणं असतं की पाटे काही एकटे राहत नाहीत. पाटे कडक झाले की आतापर्यंत ते जो दणका गिळत होते तो खाली एक्सलला आणि वर चेसिसला जातो. एक्सल तर आताच मध्ये बाक धरून आहे. "मग एक्सल जाड टाका," अण्णा म्हणतात. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात, ती इथून सुरू होते.

एक्सलच्या बाबतीत मिस्त्रीचं गणित चांगलं असतं. पंच्याहत्तर मिलिमीटरचा चौकोनी बार काढून नव्वदचा टाकला तर जाडी वाढते जेमतेम बोटभर. पण वाकण्याविरुद्धची ताकद बाजूच्या घनाच्या पटीत वाढते, म्हणून ती एकदम पाऊणपटीच्या आसपास वर जाते. वजन मात्र वर्गाच्या पटीत, म्हणजे ४४ टक्केच वाढतं. हा सौदा कुणालाही पटेल असा आहे. चॅनेलचंही तसंच. चार इंची चॅनेल उभा लावला तर तो आडव्यापेक्षा जवळपास पाचपट वजन पेलतो. लाकडाची फळी सपाट ठेवली तर वाकते, कडेवर उभी केली तर का वाकत नाही, याचा हिशोब गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या ग्रंथात मांडला होता. मिस्त्रीनं गॅलिलिओचं नाव ऐकलेलं असो वा नसो, त्याचा पोऱ्या चॅनेल आडवा धरून उभा राहिला की तो जे बोलतो त्याचा मथितार्थ तोच असतो, भाषा तेवढी छापण्याजोगी नसते.

जोडकाम हा खरा बघण्यासारखा भाग. चेसिसला जिथं चीर गेलेली असते तिथं वरून लोखंडी पट्टी मारायची. नवशिका वेल्डर चौकोनी पट्टी कापतो, चारी बाजूंनी रॉड फिरवतो आणि वर हातोडीनं खपली झाडून मालकाकडं कौतुकासाठी बघतो. महिन्याभरात ट्रॉली परत येते: पट्टी जागच्या जागी, वेल्डिंग शाबूत, आणि चीर पट्टीला लागून दोन सुतांवर. चॅनेलच्या आडव्या कापात मारलेला उभा टाका सगळा ताण त्या एका रेषेत गोळा करतो, आणि उष्णतेनं तिथलंच लोखंड हळवं झालेलं असतं. जुना कारागीर पट्टीची टोकं तिरकी कापतो, टाका लांबीच्या दिशेनं मारतो आणि टोकाशी मुद्दाम थोडी जागा सोडतो. मालकाला वाटतं, यानं रॉड वाचवला. पाट्यांना तर तो वेल्डिंग लावूच देत नाही. ते पोलाद पाणी दिलेलं असतं. त्यावर ठिणगी उडवली की पाटा तिथंच काचेसारखा तडकायच्या तयारीला लागतो. "पाटा मोडला तर पाटाच बदला," हे त्याचं म्हणणं. अण्णांचं म्हणणं, "तात्पुरतं लावून तर बघा."

एवढं झालं तरी टायर राहिले. ट्रॉलीचे टायर हा ट्रकांचा दुसरा जन्म. हजारो किलोमीटर पळून, रिमोल्ड होऊन ते पालमच्या ट्रॉलीला लागतात, आणि त्यांच्या बाजूला छापलेली वजनाची मर्यादा नव्या टायरासाठी होती हे कुणाच्या लक्षात राहत नाही. काळ्या रानात यापेक्षा वेगळीच अडचण. पावसाळी ओलीत ही माती फुगते, चाकाला मणाचा गोळा चिकटतो, आणि भरलेली ट्रॉली कण्यापर्यंत रुतून बसते. मग ती काढायला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर, त्याचा दोर, त्याचा चहा आणि त्याचं "एवढं भरायचं कामून मग?" हे सगळं सोसावं लागतं.

आता ट्रॉली मजबूत झाली, पण ती दोन चाकी. तिच्या मालाचा काही भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. भार वाढला, माल थोडा पुढं सरकला, की ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं. सुकाणू फिरवावं तर पुढची चाकं हवेत. यावर शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे पुढं लोखंडी वजनं लावणं, मागच्या टायरांत पाणी भरणं. मागच्या एका टायरात शंभर लिटरच्या वर पाणी मावतं. मार्च-एप्रिलमध्ये घरच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, पण ट्रॅक्टरचे टायर तुडुंब असतात. अशास्त्रीय उपाय म्हणजे बंपरवर दोन धिप्पाड माणसं बसवणं. ऊसतोडीच्या हंगामात हे दृश्य रानातून रस्त्याला लागणाऱ्या चढावर दिसतं. ती माणसं चढ संपेपर्यंत गंभीर चेहऱ्यानं पुढं बघत बसतात. नंतर उतरून बिडी पेटवतात. त्यांच्या या योगदानाची नोंद कुठल्याही पावतीत होत नाही.

म्हणून मग चार चाकी करायची. म्हणजे पुढं फिरती बैठक, आणखी एक एक्सल, आणखी दोन टायर, लांब दांडी. आता भार हुकावर येत नाही. अण्णा खूश. पण तोंड जमिनीवर राहण्याबरोबर दुसरी एक गोष्ट झाली: मागच्या चाकांवर हुकाचा जो दाब होता, ज्याच्या जोरावर ती माती धरत होती, तोही गेला. आता ओल्या रानात ट्रॅक्टर जागेवरच चाकं फिरवतो. मिस्त्री म्हणतो, "टायरात पाणी भरा." अण्णा म्हणतात, "भरलंय की."

या सगळ्यात कायदा कुठं आहे? तो मुख्य रस्त्यावर उभा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली. तेव्हापासून जादा माल भरला तर २०,००० रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनामागं २,००० रुपये. परवानगी नसताना गाडीत बदल केला तर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अण्णांनी पाटे, एक्सल, चेसिस, चाकं आणि हौद्याची उंची असे बदल केलेत. कायद्यानं हिशोब केला तर पंचवीस हजार. मिस्त्रीचं बिल त्यापेक्षा जास्त झालंय, एवढंच समाधान.

याहून गमतीचा भाग कागदाचा. ट्रॉलीचं मालासकट एकूण वजन किती चालेल हे नोंदणीत ठरलेलं असतं. ते मिस्त्रीच्या रॉडनं वाढत नाही. तीन मिलिमीटरच्या पत्र्याऐवजी हौद्याला पाच मिलिमीटरचा घातला तर साठ चौरस फुटांत ८७ किलो वाढतात. जाड एक्सलचे पस्तीसेक किलो, पाच इंची चॅनेलचे चाळीसेक. नवं एक्सल, दोन चाकं, फिरती बैठक वेगळीच. म्हणजे जितकं लोखंड वाढलं तितका कायद्यानं नेता येणारा माल कमी झाला. पैसे खर्चून ट्रॉली पाच-सहा टनांच्या लायकीची केली, आणि कागदावर तिची लायकी अडीच टनांवर आली. कारखान्याच्या काट्यावरही भरलेल्या वजनातून खाली वजन वजा होतं, तेव्हा त्या लोखंडाचे कुणी टनावर पैसे देत नाही.

सरकारला मात्र हे सोपं जातं. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं एक अधिसूचना काढली आणि दोन एक्सलच्या ट्रकाची एकूण वजनाची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली. ना गॅस कटर, ना रॉड. अण्णांना ही पद्धत फार आवडली असती.

रस्त्याची बाजू कुणी ऐकत नाही, म्हणून अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात ती मुद्दाम ऐकली गेली. खास बांधलेल्या रस्त्यांवर सैन्याचे ड्रायव्हर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक दिवसरात्र गोल गोल फिरवत होते, रस्ता कधी फुटतो हे बघायला. निष्कर्ष असा निघाला की रस्त्याची झीज एक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या पटीत वाढते. भार दुप्पट केला तर झीज सोळापट. नुसता वीस टक्के जास्त भरला तरी दुप्पट. अशी चाचणी गंगाखेड रस्त्यावर दर हंगामात होते, फक्त आकडे कुणी लिहून घेत नाही. पुढं त्याच खड्ड्यात पाटा मोडला की अण्णा रस्ता बांधणाऱ्याचा उद्धार करतात आणि मिस्त्रीला फोन लावतात.

ब्रेकचा विषय मिस्त्रीनंच काढला. पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर म्हणजे दोन टनांच्या आसपासचं धूड. ब्रेक त्याच्या मागच्या दोन चाकांना. मागं जोडलेल्या सहा-सात टनांना ब्रेक नाही. सपाटीला चालून जातं. उतारावर ड्रायव्हरनं पाय दाबला की ट्रॅक्टर थांबायला बघतो आणि ट्रॉली ढकलायला. थोडं वळण असलं तर ती त्याला आडवा करते. दोन ट्रॉल्या जोडल्या असल्या तर मागची पुढचीला ढकलते आणि पुढची ट्रॅक्टरला. आजवर वाढवलेला प्रत्येक पाटा आणि बदललेला प्रत्येक एक्सल चाल देण्यासाठी होता. थांबवण्यासाठी एक रुपया लागलेला नाही.

"ड्रम बसवू, पाइप टाकू," मिस्त्री म्हणाला. "ट्रॅक्टरपासून जोडणी घेऊ. थोडा खर्च हाय."

अण्णांनी खर्च ऐकला. मग ब्रेकचं पुढच्या हंगामात बघू असं ठरलं. वाचलेल्या पैशांत ट्रॅक्टरच्या हुडाखाली दोन मोठे स्पीकर आले, कारण उसाच्या रांगेत गाणं नसलेला ट्रॅक्टर कुणी जुमानत नाही. त्यांच्या दणक्यात मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न ऐकू येत नाही, पण एसटी काय, येतेच की बाजूनं. फाळक्याला लाल पट्टीचे रिफ्लेक्टर लावले. ते हंगामाच्या सुरुवातीला फुकट वाटतात.

शेवटी पेंटर आला. तो अक्षरावर पैसे घेतो. दोन्ही बाजूंना आई-वडिलांचा आशीर्वाद लिहून झाला, कोपऱ्यात गुलाबाचं फूल काढून झालं. फाळका तेवढा कोरा राहिला.

"मागं काय लिहू, अण्णा?"

अण्णांनी ट्रॉलीकडं बघितलं, मिस्त्रीकडं बघितलं. म्हणाले, "अंतर ठेवा. मोठ्या अक्षरात लिही."