चिकूच्या गळ्यातला पट्टा

अहो, ऐकलंत का? सात नंबरवाल्यांच्या चिकूच्या गळ्यातला पट्टा उतरला! हरवला नाही हो, चोरीलाही गेला नाही. सूनबाईंनी स्वतःच्या हातांनी काढला आणि दारामागे किल्ल्यांच्या खुंटीला टांगला. सासूबाई समोर बसलेल्या, पण तोंडातून एक अक्षर नाही! ज्या बाईने आमटीत कढीपत्ता आधी की नंतर यावरून सुनेशी वर्षभर... जाऊ दे, तो वेगळा विषय.

जरा भिंतीजवळ सरका. कोपऱ्यावरच्या वहिनींची खिडकी दुपारची उघडी असते.

चिकू आला तेव्हा तुम्ही माहेरी होतात. ८ आठवड्यांचं पिल्लू, लॅब्रॅडॉर, पोटावर हात फिरवला की उताणं पडायचं. त्याचं बारसं केलं त्यांनी! हसू नका, खरंच सांगते, घुगऱ्या वाटल्या. सासूबाईंनी मेन रोडवरून लाल पट्टा आणला, त्याला पितळी घुंगरू, वर दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा. आणि सूनबाईंनी काय आणलं? क्रेट! तारेच्या जाळीचा, घडी होणारा. हॉलमध्ये तो उघडला तेव्हा सासूबाईंचा चेहरा असा काही पडला म्हणता... "पोपट पाळलाय का आपण?" एवढंच म्हणाल्या आणि देवघरात निघून गेल्या.

बरं, चिकूला तो पिंजरा आवडला. आत गादी, सासऱ्यांचा जुना बनियन, पाण्याची वाटी. दार उघडं असलं तरी दुपारी आपणहून आत जाऊन घोरायचा. तेव्हा पिंजऱ्याचं भांडण मिटलं. पेटलं ते पट्ट्यावरून.

कारण रात्री क्रेटमध्ये घालायच्या आधी सूनबाई पट्टा काढायच्या. काळा दोरासुद्धा! सासूबाईंना वाटलं, सवाष्णीच्या गळ्यातून मंगळसूत्र काढावं तसं हे. "रोज रात्री लेकराचा गळा ओका करतेस?" असं म्हणाल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलंय, गच्चीवर कुरडया वाळत घालत होते तेव्हा. सूनबाई म्हणाल्या, "आई, जाळीत अडकला तर?" सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी वाड्यातल्या मोत्याच्या गळ्यात जन्मभर पट्टा होता, काय झालं त्याला?" सूनबाई गप्प. मोत्या होता अंगणात, त्याला कुठे जाळीच्या पिंजऱ्यात निजवत होते? पण हे सासूबाईंना कोण सांगणार.

आणि मग आल्या ना आपल्या कोपऱ्यावरच्या वहिनी मध्ये! त्यांचा तो सिंबा, गोल्डन रिट्रीव्हर. त्याचा पट्टा इम्पोर्टेड, कातड्याचा, खडे लावलेला, खाली हाडाच्या आकाराचा बिल्ला, त्यावर नाव इंग्रजीत. वहिनी हळदीकुंकवाला आल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "आमचा ट्रेनर म्हणतो, चोवीस तास पट्टा ठेवायचा, नाहीतर शिस्त लागत नाही." सासूबाईंनी सुनेकडे असं पाहिलं... तिळगूळ तोंडातच राहिला बिचारीच्या.

तर काय सांगत होते... हां, डॉक्टर. चिकूला तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजचं इंजेक्शन द्यायला नेलं, तेव्हा सासूबाई मुद्दाम सोबत गेल्या. साक्षीला! तिथे त्यांनीच विषय काढला. डॉक्टर म्हणाले, "पट्ट्याची सवय लावा की. जेवायच्या वेळी घाला, खेळताना थोडा वेळ घाला, तुमची नजर असेपर्यंत राहू दे. सवयीसाठी झोपेत घालायची काय गरज?" आणि मग ट्रेनर लोक वापरतात त्या साखळीबद्दल तर त्यांनी हातच जोडले. ती ओढली की आवळणारी असते ना, तिचं दुसरं टोक माणसाच्या हातात नसेल तर ती गळ्यात राहताच कामा नये, म्हणाले. छातीवरून बांधतात तो पट्टाही घरी आल्यावर काढायचा, बगलेत काचतो. दोन कुत्री खेळत असली तर आणखी वेगळी तऱ्हा. एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकतो, तो सुटायला गिरकी घेतो, पट्ट्याला पीळ बसतो, एकाचा गळा आवळतो आणि दुसऱ्याचा जबडा. मग आपण घाबरून त्यांना एकमेकांपासून ओढतो, तेच चुकतं. जवळ आणायचं, पीळ उलगडायचा, नाहीतर सरळ कापायचा.

सासूबाई घरी येऊन काय म्हणाल्या? "डॉक्टर तरुण आहे अजून."

आता ऐका मुख्य गोष्ट. पण माझं नाव नको हं कुठे.

कोपऱ्यावरची मंडळी गेली होती संगमनेरला लग्नाला. सिंबा क्रेटमध्ये, गळ्यात खड्यांचा पट्टा, बिल्ल्यासकट. आपल्या मावशी, ज्या माझ्याकडेही पोळ्यांना येतात, त्यांच्याकडे किल्ली. झाडांना पाणी घालायला गेल्या. आत शिरल्या तर भुंकणं नाही, काही नाही. नुसती घरघर. मावशी सांगताना अजून छातीवर हात ठेवतात. तो बिल्ला जाळीतून पलीकडे गेलेला आणि आडवा फिरलेला! कडी लावावी तसा. पिल्लू मागे ओढतंय, जेवढं ओढतंय तेवढा पट्टा आवळतोय. जीभ बाहेर, रंग बदललेला. मावशींनी बक्कल काढायचा प्रयत्न केला, पण ताण असला की ती निघते होय? मग त्या बाईने काय डोकं चालवलं बघा. ओढलं नाही. उलट पिल्लालाच जाळीकडे ढकललं, मानेवरचा ताण सैल केला, आणि ओट्यावरची दुधाच्या पिशव्या कापायची कात्री घेऊन तो इम्पोर्टेड पट्टा कचाकच कापला. शिकल्यासवरल्यांना सुचलं नसतं. सिंबा खोकला, पाणी प्यायला आणि मावशींच्या मांडीवर मुतला.

वहिनी परत आल्या तर आधी विचारलं काय? "पट्टा कुठेय?" मावशींनी दोन तुकडे हातात ठेवले. वहिनींच्या चेहऱ्यावरचा रंग गेला म्हणतात, टेकल्याच खुर्चीवर. मावशींना पाचशे रुपये दिले आणि म्हणाल्या, कुणाला बोलू नका. आणि आपल्याला काय सांगत होत्या आठवतंय ना? "सिंबाला ॲलर्जी झालीय, म्हणून पट्टा काढलाय." ॲलर्जी! मला तर हसू आवरेना, मी फडताळात तोंड घालून डबे शोधत बसले.

पण गोष्ट फुटलीच. मावशी सात नंबरला भांडी घासतात ना. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, तरी हेका सोडला का? छे. "त्यांचा बिल्ला लोंबता होता, आमचं घुंगरू आहे," म्हणाल्या. मग सूनबाईंनी शेवटचा डाव टाकला. मी तेव्हा विरजण मागायला गेले होते, म्हणजे बघा, प्रत्यक्ष पाहिलंय. सासूबाईंची दत्तगुरूंची तसबीर आहे ना, गाणगापूरहून आणलेली? सूनबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "आई, महाराजांच्या पायाशी चार कुत्री आहेत. एकाच्या तरी गळ्यात पट्टा दिसतोय का हो?"

सासूबाईंनी चष्मा लावला. जवळ गेल्या. एकेक कुत्रं नीट पाहिलं. चौथ्यापाशी जरा जास्त थांबल्या, तिथे कुंकवाचा डाग होता. मग चष्मा काढून पुसत बसल्या. मी विरजण न घेताच निघाले, हसू फुटलं असतं.

त्या दिवसापासून आपल्या ओळीत पट्टे काढायची साथच आली. आणि साथ आली की आपल्याकडे काय होतं, तुम्हाला ठाऊकच आहे. बँकवाल्या काकांनीही काढला, त्यांच्या राजाचा. तो देशी, तपकिरी, रस्त्यावरच्या कुठल्याही चार कुत्र्यांत उभा केला तर मलासुद्धा ओळखू यायचा नाही. आणि काढला कधी? ऐन दिवाळीत! लक्ष्मीपूजनाला कुणीतरी हजाराची माळ लावली, नेमकं कुरियरवाल्यासाठी दार उघडं होतं. राजा जो सुटला...

काका अगदी निवांत. "चिप बसवलीय त्याला, मोबाईलवर दिसेल." सगळ्यांसमोर फोन काढला, इकडे बोट, तिकडे बोट. मग डॉक्टरांना लावला, स्पीकरवर. डॉक्टर म्हणाले, "काका, चिप म्हणजे जीपीएस नव्हे. तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिला बॅटरी नसते. कुणी दवाखान्यात आणून खांद्यांच्या मध्ये मशीन धरलं तर १५ आकडी नंबर दिसतो, बास. आणि तुमचा फोन नंबर त्या नंबरापुढे नोंदवलाय ना?" काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी काकांकडे पाहिलं. एवढा शांत मी तो माणूस गॅसचे भाव वाढले तेव्हाही पाहिला नव्हता.

सापडला हो, दुसऱ्या दिवशी. गंगापूर रोडच्या एका चहावाल्याकडे खारी खात बसला होता. तो म्हणाला, गळ्यात काही नाही, कानाला नसबंदीची खूणही नाही, म्हटलं आलाय कुठूनतरी. आता बोला! लॅब्रॅडॉर दिसला तर लोक तरी विचारतात कुणाचा म्हणून. देशी कुत्र्याला गळ्यात पट्टा हाच त्याचा पत्ता.

म्हणून माझं म्हणणं, क्रेटमध्ये गळा मोकळाच. घरात कुणी बघणारं नसेल तरी मोकळाच. पण दिवाळी, गणपतीचे ढोल, घरात पाव्हणे नि सुतार-प्लंबरची ये-जा, तेव्हा घाला आणि नजर ठेवा. एक सुटणारा पट्टाही मिळतो, जोरात ताण बसला की त्याची क्लिप आपोआप उघडते. पण त्यालाच दोरी अडकवून फिरायला नेऊ नका बरं, कुत्र्याने हिसका दिला की दोरी तुमच्या हातात आणि कुत्रं रस्त्यावर. दोन नंबरवाल्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने नेलं होतं. त्याचं पळणं बघायला सगळ्या बाल्कन्या भरल्या होत्या.

आणि पट्टा घालायचा तर बोटं घालून बघायची, दोन बोटं आरामात गेली पाहिजेत. चिकू आला तेव्हा ५ किलोच्या आसपास, आणि सहा महिन्यांत २० च्या पुढे गेला की नाही? सासूबाईंचा लाल पट्टा केव्हाच तोकडा झाला. शिवाय आपला पाऊस. कातड्याचा ओला पट्टा दिवसभर गळ्यात राहिला की खाली लालभडक होतं, वास येतो, गोचिडांना तर आयतं घर.

एक सांगू? हे मात्र हसण्यावारी नाही. मैदानाजवळ ते काळं पिल्लू होतं, भुंगा म्हणायची पोरं. पोरांनी प्रेमानेच त्याच्या गळ्यात बुटाची नाडी बांधली, गाठ मारून. पिल्लू वाढलं, नाडी कशी वाढणार? केसांत कुणाला दिसली नाही. वास यायला लागला तेव्हा सूनबाईंनी हात घालून पाहिलं, तर ती कातडीत रुतलेली, वरून मांस आलेलं. डॉक्टरांनी भूल देऊन काढली. ती पोरं दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होती, कुणी त्यांना ओरडलंही नाही. भुंगा बरा आहे आता, गळ्याभोवती केस नाहीत तेवढे.

तर काय सांगत होते... हां, सासूबाई. परवा त्यांच्याकडे गेले तर मांडीवर चिकूचा नवा पट्टा, साधा सुती, रुंद. त्यावर साखळी टाक्याने मुलाचा मोबाईल नंबर भरत होत्या. लोंबता बिल्ला नको, म्हणून कापडावरच. नऊचा आकडा दोनदा उसवला म्हणाल्या, सातासारखा दिसत होता. घुंगरू? ते सोन्याच्या पाटल्यांच्या डबीत ठेवलंय. संध्याकाळी फिरायला निघताना पट्टा चढतो, घरी आलं की सासूबाई स्वतः काढून खुंटीला लावतात, आणि सून विसरली तर वरून हाक मारतात, "अगं, गळा मोकळा केलास का त्याचा?"

आणि कोपऱ्यावरच्या वहिनी! काल भाजीवाल्याच्या गाडीपाशी नव्या भाडेकरूंना काय सांगत होत्या माहितीये? "क्रेटमध्ये पट्टा कधी ठेवू नये हं, मी तर पहिल्यापासून सगळ्यांना सांगतेय." मावशी शेजारीच मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं... अगंबाई, खिडकी लागली वाटतं त्यांची. चला, कुकरची शिट्टी झाली.