हिटलरला नवरी, बागायतदाराला नकार

जुन्नर तालुक्यातल्या पिंपरी पेंढारला संध्याकाळी सातनंतर दोघांचं राज्य असतं. बाहेर उसात बिबट्या, आत भिंतीवर मालिका. पहिल्यासाठी वनखातं पिंजरे लावतं, माणिकडोहला निवारा केंद्र आहे, कुठे ठसा दिसला तरी व्हॉट्सअ‍ॅपवर आरोळी उठते. दुसरीतल्या नायकाने मुलीला कॉलेजच्या फाटकापासून घरच्या ओट्यापर्यंत गाठत आणलं, तरी कुणी पिंजरा मागवत नाही. मागे बासरी वाजते.

कायद्याला बासरी ऐकू येत नाही. मुलीने नको म्हटल्यावरही तिच्या मागे लागणं हा आपल्याकडे २०१३ पासून गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये बसतो. पहिल्यांदा केला तर तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केला तर पाच. मालिकेचा दंडसंग्रह वेगळा आहे. पहिल्यांदा केला तर प्रोमो, पुन्हा केला तर लग्नाचा दोन तासांचा महाएपिसोड.

मार्च २०२४ मध्ये झी मराठीवर ‘नवरी मिळे हिटलरला’ सुरू झाली. नायक अभिराम जहागीरदार गडगंज, तापट, शिस्तीचा. नायिका लीला अल्लड, वयाने बरीच लहान. बोहल्यावरून उतरते ती थेट तीन थोराड सुनांची सासू होऊन. त्याच हंगामात आमच्या ओतूर-आळेफाटा पट्ट्यात पाच एकर बागायत, ठिबक, दारात पिकअप आणि स्लॅबचं घर असलेल्या पोरांची स्थळं परत येत होती. मध्यस्थ तरी काय सांगतो? मुलगा निर्व्यसनी आहे, शांत आहे, वर मान करून बोलत नाही. चुकतं ते इथेच. सांगायला हवं, मुलगा साक्षात हिटलर आहे, रागावला की ताट भिरकावतो, घरात तीन सुना तयार आहेत. मुलीकडचे दुसऱ्या दिवशी साखरपुडा उरकून घेतील.

घेतील का? नाही घेणार. आणि इथेच पुण्या-मुंबईच्या चर्चासत्रांतलं लाडकं वाक्य आपटतं, की या मालिका बघून खेड्यातल्या बायका-मुली बिघडतात. रात्री हिटलरवर भाळलेली मुलगी सकाळी बायोडेटा हातात आला की डोळ्यांत तेल घालून वाचते. नोकरी कुठे, पगार किती, सासू किती, शेण काढावं लागेल का. वडील एकदा विचारतात, आई तीनदा विचारते, ती तिन्ही वेळा नाही म्हणते. पडद्यावरचं पडद्यावर ठेवायची अक्कल तिला आहे. तिची आई तर मालिका बघते म्हणण्यापेक्षा मालिकेला धारेवर धरते. लसूण सोलता सोलता ती नायिकेला म्हणते, “अगं मेले, घे की एक पिशवी आणि लाग चालायला. आळेफाट्याला एसट्या काय कमी आहेत?”

बिघडतो तो दुसराच. भिंतीला टेकून, मांडीवर ताट घेऊन, मोबाइलमध्ये बघत असल्याचं सोंग करणारा. त्याला विचारा. “मी कुठं बघतोय? आई बघते. लागलेली असते म्हणून दिसते.” महाराष्ट्रातल्या तमाम पुरुषांना मालिका फक्त दिसते. पण काल मालिकेतल्या अर्जुनने सायलीला काय म्हटलं ते चहाच्या टपरीवर त्यालाच तोंडपाठ असतं. त्याला वर्षानुवर्षं एकच धडा मिळालाय. मुलीचा नकार म्हणजे पहिला एपिसोड. दुसऱ्या आठवड्यात तिला राग येतो, चौथ्यात ती घसरते आणि नायक झेलतो, दहाव्यात तिला त्याच्या भूतकाळातलं दुःख कळतं, विसाव्यात हळद. या वेळापत्रकावर विसंबून एखाद्या पोराने खरोखरच बसस्टॉपवर वीस आठवडे काढले, तर त्याला हळदीऐवजी ओतूरचं पोलीस ठाणं दिसतं. मग घरचे म्हणतात, पोरगा तसा साधा आहे हो.

नमुने बघा. ‘तुला पाहते रे’ २०१८ मध्ये आली. विक्रांत सरंजामे आणि ईशा निमकर. तो पिकल्या केसांचा उद्योगपती, ती नुकती नोकरीला लागलेली. महाराष्ट्रभर काकू लोक त्या पिकल्या केसांवर फिदा झाले आणि समवयस्क काकांनी कलप लावणं बंद केलं. जानेवारी २०१९ मध्ये लग्न लागलं. पुढे कळलं की हा माणूस पहिल्या बायकोचा खुनी, आणि ईशा म्हणजे तीच बायको पुन्हा जन्मलेली. म्हणजे वयातल्या अंतरावर बोलायची वेळ आली, तेव्हा लेखकाने पुनर्जन्माची पळवाट काढली. ही सोय आमच्याकडच्या स्थळांना नाही.

‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये नायिकेला सासवा सहा. एक सासू सांभाळताना नाकी नऊ येतात त्या बायकांना हे दाखवण्यात केवढी कणव होती! शिवाय या नायिकेचं, जान्हवीचं, गरोदरपण इतकं लांबलं, की महाराष्ट्राने त्यावर विनोद करून करून थकून विनोद बंद केले, तरी मूल येईना. आता इथून जवळच्या नारायणगावच्या, तमाशातल्या विठाबाईंची गोष्ट या भागात लहान पोरालाही ठाऊक असते. दिवस भरलेले असताना बोर्डावर नाचायला उभ्या राहिल्या, कळा आल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बाहेर आल्या, असं सांगतात. हे काही अभिमानाने मिरवायचं नाही. बाईला पोटासाठी असं करावं लागलं, याची खरं तर आपल्यालाच लाज वाटायला हवी. पण सांगायचं एवढंच, की मातृत्वाचे दोन टोकांचे हिशोब इथे एकाच तालुक्यात ऐकायला मिळतात आणि त्यातला मालिकेचा हिशोब जास्त खोटा आहे.

‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ ते २०२१ चालली. लफडं केलं गुरुनाथने, शिव्या खाल्ल्या शनायाने. पेंढारात काय आणि पार्ल्यात काय, शनायाचं नाव निघालं की बोटं मोडली जात, गुरुनाथसाठी मात्र एक हसू राखून ठेवलेलं. गुरुनाथच्या बायकोने, राधिकाने, मसाल्याचा धंदा उभा केला, हे खरंच चांगलं झालं. पण नवऱ्याने दुसरी आणल्याशिवाय मराठी बाईला उद्योग सुचत नाही, असा एक सिद्धान्त त्या दिवसापासून रूढ झाला. आमच्या बचतगटातल्या बायका नवरा घरात असतानाच पापड लाटतात, त्यांच्यावर कोण मालिका काढणार?

‘रंग माझा वेगळा’ने सावळ्या मुलीची बाजू घेतली. घेताना गोऱ्या अभिनेत्रीला काळं फासलं. टोमॅटोच्या तोड्याला एप्रिल-मेच्या उन्हात वाकलेल्या इथल्या निम्म्या बायांना मेकअपशिवाय ती भूमिका करता आली असती. पुढे त्यातल्या डॉक्टर नवऱ्याला संशय आला, की बायकोच्या पोटातलं मूल आपलं नाही. डॉक्टर असून तपासणीचा कागद नीट बघणं त्याला सुचलं नाही. शिक्षणाने काय होतं आणि काय होत नाही, यावर त्या मालिकेइतकं स्पष्ट कुणी बोललं नसेल.

यात आपणच मागास आहोत असं वाटून घेऊ नका. कोरियातल्या मालिका आता हिंदीत बोलतात आणि जुन्नरच्या कॉलेजातल्या पोरी त्या मोबाइलवर बघतात. तिथला नायक देखणा, त्वचा तुकतुकीत, स्वयंपाकही करतो. फक्त मुलगी निघाली की मनगट पकडून ओढतो. २००९ च्या ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’मधल्या श्रीमंत पोराने शाळेत त्या मुलीचा जो छळ मांडला, त्याला अर्ध्या आशियाने प्रेम म्हटलं. तिकडे आता त्या मनगट-पकडीवर टीका होते. आपल्याकडे ओढणी अडकते. घड्याळात, बटणात, दाराच्या कडीत, जिथे म्हणून अडकायला जागा आहे तिथे. म्हणजे नायकाने काहीच केलं नाही, केलं ते ओढणीने.

इंडोनेशियात २०२१ मध्ये तर पंधरा वर्षांच्या मुलीला एका प्रौढ पुरुषाची तिसरी बायको म्हणून उभं केलं. लोक भडकले, वाहिनीला अभिनेत्री बदलावी लागली. कथा तीच राहिली, हे वेगळं. चीनने त्याच वर्षी फर्मान काढलं, की नाजूक दिसणारे पुरुष पडद्यावर नकोत. तिथल्या सरकारला पुरुषाने काजळ घातलेलं खुपतं, कानफटात मारलेली खुपल्याचं काही त्या फर्मानात नव्हतं. आपल्याकडे २०१७ मध्ये हिंदीत नऊ वर्षांच्या पोराचं अठराच्या मुलीशी लग्न लावणारी ‘पहरेदार पिया की’ तक्रारींनंतर बंद पडली. लगेच सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि रिमोट उचलून पुढच्या वाहिनीवरचं करारी लग्न बघायला घेतलं.

करारी लग्न, अदलाबदलीचं लग्न, सूड म्हणून लग्न, कर्ज फेडायला लग्न. ‘लग्नानंतर होईलच प्रेम’ हे तर एका मालिकेचं नावच आहे. ही हमी इतक्या खात्रीने देणारा दुसरा माणूस म्हणजे आमच्या गावचा मध्यस्थ. तो निदान एक जेवण आणि टॉवेल-टोपी यावर भागवतो.

आता कुणी म्हणेल, मग जुन्या कलेत काय बाईची आरती ओवाळत होते? गवळण आठवा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, वाट अडवून उभे कृष्ण आणि पेंद्या. तोच तो रस्ता अडवणारा नायक. मान्य. तमाशातल्या बायांचं जे झालं तेही कुणापासून लपलेलं नाही. शिट्ट्या, दौलतजादा, दुहेरी अर्थ, सगळं होतं आणि आहे. पण गवळणीत एक मावशी असते. लुगडं नेसलेला पुरुष, कमरेवर हात, तोंडाचा पट्टा चालू. कृष्णाने दान मागितलं की ती त्याची घराण्यासकट इज्जत काढते. वाट अडवणाऱ्या देवालासुद्धा तिथे उत्तर ऐकावं लागतं, आणि पब्लिक हसतं ते देवाला. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक यात्रेची सुपारी द्यायला येतात, तेव्हा पंच हमखास विचारतात, मावशी कोण आहे? ती चांगली नसेल तर गवळण पडते.

मालिकेने लुगडी उचलली, दागिने उचलले, पायातले चाळ उचलले. मावशी तेवढी मागे ठेवली. म्हणून नायकाने वाट अडवली की नायिका खाली बघते, वाऱ्याचा पंखा सुरू होतो आणि कॅमेरा तीनदा तिच्या डोळ्यांवर जातो. उत्तर द्यायला कुणीच नाही.

अपवाद आहेत, आणि ते फार काळ टिकू दिले जात नाहीत. ‘पाहिले न मी तुला’ने २०२१ मध्ये मागे लागणाऱ्या साहेबाला सरळ खलनायक केलं. वर्षभरही चालली नाही. ‘अग्गंबाई सासूबाई’त सुनेने सासूचं लग्न लावून दिलं, निवेदिता सराफ आणि गिरीश ओक यांचं ते जोडपं बघून कितीतरी विधवा आज्या गप्पपणे हसल्या असतील. दुसऱ्या पर्वात त्याच धडाडीच्या सुनेला वाहिनीने बावळट करून स्वयंपाकघरात बसवलं. ‘आई कुठे काय करते’मधल्या अरुंधतीने लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर नवऱ्याला सोडलं, दुसरा माणूस निवडला. लेखकांनी त्या दुसऱ्याला अपघातात मारला. पहिला नवरा अनिरुद्ध शेवटपर्यंत ठणठणीत राहिला. मराठी मालिकेत चांगल्या नवऱ्याचा विमा कुठलीही कंपनी उतरवणार नाही.

आणि मालमत्ता. प्रत्येक मालिकेत एक खलनायिका नायिकेला गुंगीचं औषध पाजून कागदांवर तिचा अंगठा घेते. यावर आठ-आठ आठवडे जातात, ढोल बडवले जातात, वकील येतात. त्या खलनायिकेने पेंढारच्या बाजूला यायला हवं होतं. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून आहे. रस्त्याकडेच्या गुंठ्याला भाव आला, की इथला भाऊ बहिणीला फोन करतो, “ताई, हक्कसोडची सही राहिलीये गं.” गुंगीचं औषध लागत नाही, वकील लागत नाही. ती सकाळच्या एसटीने येते, कचेरीत सही करते, साडी घेते आणि परत जाताना वहिनीला विचारते, आज किती वाजता लागते गं ती?