यॉटवाले भाऊ

यवतमाळ जिल्ह्यात 16 तालुके आहेत आणि त्यांतल्या एकालाही समुद्र लागलेला नाही. इथे पडलेला पाऊस वर्धा आणि पैनगंगेतून प्राणहितेत, तिथून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. म्हणजे इथल्या पाण्यालासुद्धा मुंबईची वाट ठाऊक नाही. ती ठाऊक असते भाऊंना.

भाऊ हे कोणा एकाचं नाव नव्हे. वणीत एक भाऊ असतात, आर्णीत एक असतात, पुसदला दोन असतात आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. धंदा बहुधा कृषी केंद्राचा, म्हणजे बियाणं, खत, फवारणीची औषधं. गल्ल्यावर मुलगा बसायला लागलेला, त्यामुळे वेळ मोकळा. दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्यांनीच काढलेला असतो. त्यात एक मेडिकलवाले, एक झेडपीचे गुरुजी, एक विम्याचे एजंट, एक कंत्राटदार आणि पुण्यात मोठ्या कंपनीत असलेला एक कायम ‘येतो येतो’ म्हणणारा. शेगाव झालं, तिरुपती झालं, चिखलदरा तर इतक्यांदा झालं की तिथली माकडं भाऊंच्या पिशव्या ओळखतात. मग एका रात्री ग्रुपवर व्हिडिओ येतो: गेटवेसमोर पांढरीशुभ्र बोट, तिच्यावर कोणीतरी केक कापून राहिलं आहे. खाली भाऊंचा एकच शब्द पडतो, ‘जमवू.’

एवढा शब्द पडला की सुटका नाही. दुसऱ्या दिवशी ग्रुपचं नाव ‘यॉट डे’ होतं, डीपीला निळं पाणी येतं आणि कॉन्ट्रीची यादी फिरते. यादीत सगळ्यांत वर स्वतःचं नाव आणि पुढे ‘जमा’. त्यामुळे बाकीच्यांना तोंड उघडायला जागा राहत नाही.

बोट ठरवण्याचं काम फोनवर होतं आणि ते ऐकण्यासारखं असतं. यॉट तासाच्या हिशेबाने मिळते. माणशी तिकीट नसतं, अख्खी बोट घ्यावी लागते, आणि तिच्यावर किती माणसं चढवायची हे परवान्यातच लिहिलेलं असतं. भाऊंना पहिल्या दोन गोष्टी पटतात. तिसरी पटत नाही. ‘‘एक मानूस वाढला त काय होते दादा? आमचा गुरुजी लय बारीक हाये.’’ पलीकडचा नाही म्हणतो. मग घाऊक भावाचा मुद्दा निघतो: ‘‘दिवसभरासाठी घेतो न आम्ही. दिवसभराचं काय लावता?’’ पलीकडून तासाच्या दराला थेट दहाने गुणलेला आकडा येतो. भाऊ थोडा वेळ गप्प बसतात आणि मग दिवसभराची यॉट तीन तासांची होते. ग्रुपवर मात्र ‘डे’ कायम राहतो. धामणगावला गाडीत बसल्यापासून मोजला तर तो काही खोटाही नाही.

कारण यवतमाळहून समुद्र पाहायचा तर आधी रेल्वे पाहावी लागते, आणि तीही दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन. गावात एकेकाळी स्वतःची गाडी होती: शकुंतला, अडीच फुटी रुळांवरून मूर्तिजापूरपर्यंत जाणारी. किलिक निक्सन या मुंबईच्या इंग्रजी कंपनीच्या कारभाराखाली 1910 च्या दशकात हा मार्ग झाला तो माणसांची हौस म्हणून नव्हे, वऱ्हाडचा कापूस मुख्य लाइनीवर पोचवायला. तिथून तो मुंबई बंदरात आणि बोटीने मँचेस्टरला जायचा. तिकडूनच 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन या रुळांवर आलं आणि 1994 पर्यंत राबलं. म्हणजे यवतमाळचा कापूस भाऊंच्या शंभर वर्षं आधी मुंबईच्या समुद्रात उतरला होता, आणि तोही कॉन्ट्री न भरता. पुढे 28 फेब्रुवारी 2024 ला पंतप्रधानांनी यवतमाळात उभं राहून झेंडा दाखवला, पण गाडी धावली वर्धा ते कळंब. तेव्हा भाऊंची मंडळी आपली जीप करून धामणगावला येतात आणि संध्याकाळच्या विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसतात. सकाळी सीएसएमटी. मुक्काम आकाशवाणी आमदार निवासात, कोणाच्या तरी चिठ्ठीवर. विदर्भातला माणूस मुंबईत हॉटेलात उतरला तर गावी त्याची पत कमी होते.

सामान पाहण्यासारखं. एका पिशवीत सांबारवड्या. कोथिंबिरीला सांबार म्हणणाऱ्या मुलखातला हा खास पदार्थ, बाहेरून बेसनाचं खुसखुशीत पान आणि आत मसाल्यात परतलेला गच्च सांबार. दुसऱ्या पिशवीत ठेचा, ज्वारीच्या भाकरी, शेवचिवडा. तिसऱ्यात पाण्याचे कॅन. बोटीवर पाणी मिळतं असं बोटवाल्याने सांगितलेलं असतं, पण 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरात टँकरमागे पळालेला माणूस पाण्याच्या बाबतीत कोणाच्या शब्दावर जात नाही. चौथी पिशवी लांबट असते, आणि तिच्यात काय आहे ते भाऊ कोणाला सांगत नाहीत.

गेटवेवर भाऊ गाइड होतात. 1911 साली पंचम जॉर्ज इथे उतरला, कमान पूर्ण व्हायला 1924 उजाडलं, समोरचं ताज त्याच्याही आधीचं, 1903 चं. हे सगळं खरं असतं. रात्रीच मोबाइलवर वाचलेलं असतं. जवळच रॉयल बॉम्बे यॉट क्लब आहे, 1846 मध्ये स्थापन झालेला. त्याच्या दाराशी भाऊ ग्रुपचा फोटो काढून घेतात. आत जायला सभासदत्व लागतं, दाराला लागत नाही.

शिडाची यॉट धक्क्याला लागत नाही. ती आत पाण्यात नांगरलेली असते, आणि धक्क्यावरून छोट्या होडीने तिच्यापर्यंत न्यावं लागतं. या होडीतून यॉटवर पाय टाकण्याचा क्षण मोठा परीक्षेचा. दोन्ही वाहनं आपापल्या मर्जीने वरखाली होत असतात. कंत्राटदार, ज्यांनी आयुष्यभर पूल बांधले, ते इथे खलाशाचा हात धरून ‘‘थांब थांब थांब’’ करतात. गुरुजी मात्र टुणकन चढतात. बारीक असल्याचा फायदा.

मग लाइफ जॅकेटं येतात, आणि इथे भाऊंचा स्वभाव अचानक बदललेला दिसतो. 18 डिसेंबर 2024 ला याच बंदरात नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून ‘नीलकमल’ ही प्रवासी बोट बुडाली, माणसं गेली. भाऊंनी ते टीव्हीवर पाहिलेलं असतं. विम्याचे एजंट ‘‘गरम होते बाप्पा’’ म्हणत पट्टा सैल करतात तेव्हा भाऊ काही न बोलता तो पुन्हा आवळतात, प्रत्येकाच्या बकलावर हात फिरवतात आणि मगच कॅप्टनला मान हलवून खूण करतात. त्या मिनिटभरात त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

नांगर उचलला जातो, शीड वर चढतं, इंजिन बंद होतं. इतर पर्यटक इथे ‘वॉव’ म्हणतात. भाऊ उठतात, तोल सावरत डोलकाठीजवळ जातात आणि शिडाची कडा अंगठा आणि बोटांत धरून चोळतात. जिनिंगच्या ओट्यावर रुईची चिमूट दोन अंगठ्यांत धरून धागा ओढून पाहायची ही जन्माची सवय.

‘‘कॅप्टनसाहेब, कापूस किती टक्के?’’

‘‘कापूस नाही साहेब. पॉलिस्टर.’’

‘‘पूरं पॉलिस्टर?’’

‘‘पूर्ण.’’

भाऊंचा चेहरा उतरतो. आणि त्यांचं दुःख अस्थानी नाही. 1851 साली ‘अमेरिका’ नावाच्या यॉटने इंग्रजांना त्यांच्याच वाइट बेटाभोवतीच्या शर्यतीत हरवलं, तेव्हा इंग्रजांची शिडं जवसाच्या धाग्याची होती आणि तिची कापसाची. सुती कापड घट्ट विणलं जातं आणि आकार धरून राहतं, म्हणून नंतर शर्यतीच्या बोटींवर सुती शिडं आली आणि शंभर वर्षं टिकली. पुढे पॉलिस्टर आलं. ते ओलं झालं तरी जड होत नाही, कुजत नाही. भाऊंना यातलं काही माहीत नसतं. त्यांना एवढंच कळतं की इतकं मोठं कापड आहे आणि त्यात आपल्या पऱ्हाटीचं एक बोंडसुद्धा नाही. ते मागे वळून सांगतात, ‘‘म्हणून भाव पडते लेको.’’ कापसाच्या बाजारभावाचं याहून सोपं स्पष्टीकरण आजवर कोणत्याही समितीने दिलेलं नाही.

वारा भरतो, बोट एका अंगाला कलते. शिडाची बोट कलणारच. खाली तळाशी जड वजन असतं, ते तिला परत उभी करतं. कॅप्टन हे दोनदा सांगतो. मेडिकलवाले दोन्ही हातांनी कठडा धरून ‘‘हाव हाव’’ म्हणतात आणि खिशातून ओकारीच्या गोळ्या काढून वाटतात. ही गोळी निघण्याआधी घ्यायची असते हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? गिऱ्हाइकाला ते रोज सांगतात. समुद्र लागतो तो पोटामुळे नाही: डोळ्यांना बोट स्थिर दिसते, कानाच्या आतला तोल म्हणतो आपण हलतोय, आणि मेंदू या दोन साक्षीदारांत गोंधळतो. उपाय म्हणजे दूर क्षितिजाकडे पाहत राहणे आणि खाली केबिनमध्ये न जाणे. एजंट खाली केबिनमध्ये बसून पॉलिसीचा हप्ता ऑनलाइन भरत असतात. थोड्याच वेळात ते धावत वर येतात आणि नेमके वाऱ्याच्या बाजूला वाकतात. खलाशी त्यांना खांद्याला धरून दुसऱ्या कठड्याकडे फिरवतो. त्याने हे हजारदा केलेलं असावं. चेहऱ्यावर रागही नाही, दयाही नाही.

आता लांबट पिशवी उघडते. आत फ्लेक्स. यवतमाळात वाढदिवस, निवड, नियुक्ती, पुनर्नियुक्ती यांतलं काहीही फ्लेक्सशिवाय पूर्ण होत नाही, मग समुद्र कसा होईल? ‘भव्य समुद्र सफर’, खाली सगळ्यांचे पासपोर्ट फोटो, न आलेल्या पुणेकराचासुद्धा, कारण त्याने कॉन्ट्री भरलेली. भाऊ आणि कंत्राटदार तो कठड्याला बांधतात. दोन गाठी मारून होतात न होतात तोच वारा त्यात शिरतो आणि फ्लेक्स पोट फुगवून बोट ओढायला लागतो. सुकाणूवरचा कॅप्टन पहिल्यांदाच आवाज चढवतो: ‘‘साहेब, ते शीड काढा!’’

भाऊ फ्लेक्स सोडतात, पण नाराज नसतात. परवानाधारक कॅप्टनने आपल्या बॅनरला शीड म्हटलं हे पुढे कित्येक महिने सांगायला पुरणार असतं.

जेवण मजेत होतं. सांबारवडी कॅप्टन खातो, खलाशीही खातो आणि ठेच्यावर दोघंही पाणी मागतात. भाऊंचे कॅन कामी येतात. हात धुताना खलाशी सवयीने बजावतो की गोडं पाणी टाकीत मोजकंच आहे. त्याला बहुधा नळ उघडा टाकणारे प्रवासी माहीत. ही मंडळी एका मगात सगळ्यांचे हात धुऊन तळाला उरलेलं पाणी परत भांड्यात ओततात. खलाशी पाहतच राहतो.

‘‘मंग? कसा वाटला समुद्र?’’ भाऊ विचारतात. गुरुजी बराच वेळ पाण्याकडे पाहून म्हणतात, ‘‘इसापूर धरण भरलं की असंच दिसते.’’ यावर गंभीर चर्चा होते. दिग्रसकर अरुणावतीची बाजू घेतात, बाभूळगावकर बेंबळ्याची. एलिफंटा डावीकडे आलेली असते, तेलाच्या जहाजांचं जवाहर द्वीप दिसत असतं, नौदलाची करडी जहाजं ओळीने उभी असतात, आणि बोटीवर वाद चाललेला असतो की बेंबळ्याच्या कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचतं का. कॅप्टन बोट दुसऱ्या अंगावर घेताना ‘‘डोकी खाली!’’ ओरडतो, शिडाची आडवी काठी सगळ्यांच्या डोक्यांवरून सुईकन जाते. डोकी वर येतात आणि वाद सोडला तिथून पुढे चालू होतो.

भाऊ स्वतः मात्र समुद्र फारसा पाहत नाहीत. ते मोजत असतात. माणसं, पिशव्या, चपला, राहिलेली मिनिटं. वेळ संपायला आला की ते घड्याळ कॅप्टनला दाखवतात आणि होडीतून यॉटवर यायला लागलेला वेळ भाड्यातून वगळायचा मुद्दा काढतात. तो मान्य होत नाही. मग ते बक्षिसी काढतात, आणि वाचवू पाहत होते त्याहून जास्त देतात.

उतरताना कॅप्टनचा नंबर ‘कॅप्टन समुद्र’ या नावाने सेव्ह होतो आणि आमंत्रण दिलं जातं: ‘‘या आमच्याकडं. टिपेश्वरले वाघ दाखवतो. सगळं जमवू.’’ कॅप्टन हसून हो म्हणतो. मुंबईत असं सगळेच म्हणतात.

पण कॅप्टन खरंच फोन करतो, जूनच्या शेवटी. पावसाळ्यात शिडाच्या बोटी बाहेर काढत नाहीत, त्याला सुट्टी तेव्हाच. अडचण अशी की टिपेश्वरची जंगलसफारीही पावसाळ्यात बंद असते. भाऊ क्षणभरच थांबतात. ‘‘वाघाचं सोडा. सहस्रकुंड पाहा. पैनगंगा पूर्ण भरून पडते, अर्धा धबधबा आपला, अर्धा नांदेडचा. आपल्या बाजूनं दाखवतो.’’ फोन ठेवल्याबरोबर ग्रुपचं नाव बदलतं, ‘कॅप्टन स्वागत समिती’. धामणगावहून आणायला जीप कोणाची, मुक्काम कोणाकडे, ठेचा कमी तिखट कोण करणार, हे संध्याकाळपर्यंत ठरतं. जुना फ्लेक्स उलटा करून मागे छापता येईल का, याची चौकशी दत्त चौकातल्या दुकानात सुरू असते. कॉन्ट्रीची यादी पडलेली आहे. पहिल्या नावापुढे ‘जमा’ आहे, आणि पुण्याहून उत्तर आलं आहे: ‘येतो येतो.’